हितवादीकार सखाराम गणेश देउस्कर

सुरतेला डिसेंबर 1907 मध्ये भरलेल्या काँग्रेसची हकीकत आपल्याकडच्या जुन्या घरांतून अद्याप सांगितली जाते, आणि ती बहुधा जोड्यापाशी येऊन थांबते. अधिवेशन नागपूरला भरायचे होते, ते नेमस्तांनी सुरतेला आणले. यजमान प्रांतातला माणूस अध्यक्ष करायचा नाही हा संकेत असल्याने टिळकांचे नाव आपोआपच मागे पडले. अध्यक्षपदी रासबिहारी घोष. 27 तारखेला टिळक तहकुबीची सूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर जाऊन उभे राहिले आणि कोणी तरी भिरकावलेला लाल कातड्याचा दक्षिणी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर जाऊन आदळला. पुढे खुर्च्या, काठ्या आणि पोलीस. जोडा कोणी फेकला हे कळले नाही. पण तो मराठी घाटाचा होता, एवढे नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने नेमके टिपून ठेवले आणि त्यामुळे आपल्या लोकांच्या वाट्याला त्या प्रसंगाचे थोडे श्रेय व पुष्कळसा दोष कायमचा आला.

त्या जोड्याचा एक परिणाम सुरतेपासून फार दूर, कलकत्त्यात झाला. तो मात्र आपल्याकडे कोणी सांगत नाही. तिथल्या ‘हितवादी’ या बंगाली वृत्तपत्राच्या चालकांनी आपल्या संपादकाला सुरतेच्या प्रकाराबद्दल जहाल पक्षाचा व टिळकांचा निषेध करणारा अग्रलेख लिहावयास सांगितले. संपादकाने तो लिहिला नाही, राजीनामा लिहिला. हा संपादक मराठी होता. नाव सखाराम गणेश देउस्कर.

महाराष्ट्रात हे नाव थोड्यांना ठाऊक आहे. बंगालमध्ये ते इतिहासाच्या पुस्तकांत सापडते, हिंदी प्रदेशात त्यांच्या ग्रंथाचा अनुवाद वाचला जातो. मराठीत मात्र ते उपरे राहिले, कारण त्यांचे नाव झाले ते बंगाली लेखनामुळे. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या माणसाचे चरित्र परके वाटण्याचे कारण नाही. आपण घरात मराठी बोलतो, वही गुजरातीत लिहितो. देउस्करांनी वहीची भाषाच लेखणीची केली.

देउस्करांचे मूळ घराणे रत्नागिरीकडील देऊस या गावचे. अठराव्या शतकात मराठ्यांची सत्ता पूर्वेकडे पसरली त्या काळात हे घराणे कोकण सोडून वैद्यनाथधाम देवघरजवळच्या करों या गावी जाऊन राहिले. तो मुलूख त्या वेळी बंगाल प्रांतात मोडत असे. आज तो झारखंडात आहे. आपल्यापैकी पुष्कळ घरांच्या कुळकथा अशाच आहेत. पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडला ठाणे घातल्यानंतर जी माणसे त्यांच्या पाठोपाठ घाट उतरून आली, त्यांतली काही सोनगड, व्यारा, महुवा, कामरेज अशा गायकवाडी गावांत राहिली, काही पुढे इंग्रजी अमलातल्या बारडोलीत आली. कोणी शिलेदार म्हणून आले, कोणी कारकून म्हणून, कोणी भटपणाला. मूळ गाव आडनावापुरते उरले. देउस्करांच्याही बाबतीत आडनाव हीच देऊसची सारी इस्टेट.

सखारामांचा जन्म 17 डिसेंबर 1869 रोजी झाला. आई ते पाच वर्षांचे असताना गेली. पुढचे संगोपन आत्याने केले. ही आत्या विधवा होती आणि तिला मराठी वाङ्मयाची चांगली जाण होती. शाळा बंगाली, बाजार बंगाली, सवंगडी बंगाली. मराठी फक्त आत्याच्या तोंडून. आपल्याकडेही घरातली मराठी टिकली ती बहुधा अशा आत्या-आज्यांनीच टिकवली. पुरुषांनी मंडळे काढली व अहवाल छापले, हे खरे; पण भाषा पोथीच्या पाटावरून मुलांच्या कानात गेली. देउस्करांनी पुढे शिवाजी, बाजीराव, आनंदीबाई, झाशीचे राजघराणे, न्यायमूर्ती रानडे असे एकेक मराठी विषय बंगाली वाचकांपुढे ठेवले, त्याचा उगम मी तरी या आत्यापाशी मानतो.

देवघरच्या शाळेतून 1891 मध्ये ते प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले आणि 1893 पासून त्याच शाळेत शिक्षक झाले. देवघर हे लहान यात्रेचे गाव, पण तेथे त्या काळी एक मोठा माणूस राहत होता : राजनारायण बसू. ब्राह्मो समाजाचे हे वयोवृद्ध पुढारी म्हणजे अरविंद घोषांचे मातामह. अरविंदबाबू त्याच 1893 साली विलायतेहून येऊन बडोद्यास सयाजीरावांच्या नोकरीत रुजू झाले आणि सुटीत देवघरला येत. म्हणजे बंगाली अरविंद मराठी राजाच्या पदरी गुजरातेत, आणि मराठी सखाराम बंगाली पंडिताच्या ओसरीवर देवघरात! बडोद्यात अरविंदबाबू मराठी शिकत होते, देवघरात सखाराम बंगाली गद्य घडवीत होते.

शिक्षकी करता करता ते वृत्तपत्रांत लिहू लागले. 1894 मध्ये हार्ड नावाचा मॅजिस्ट्रेट देवघरला होता आणि त्याच्या जुलमाला लोक कंटाळले होते. देउस्करांनी कलकत्त्याच्या ‘हितवादी’त त्याच्याविरुद्ध लेख लिहिले. लिहिणारा कोण हे त्याला कळायला वेळ लागला नाही. लेखन थांबवा, नाही तर शाळेची नोकरी जाईल, असा निरोप आला. देउस्करांनी नोकरी सोडली आणि कलकत्त्याची वाट धरली. जिथे लेख छापून आले होते त्याच ‘हितवादी’च्या कचेरीत त्यांना काम मिळाले, ते मुद्रिते तपासण्याचे. गावात मास्तर म्हणून मान असलेला माणूस महानगरात दुसऱ्यांच्या लेखांतले काने-मात्रे दुरुस्त करू लागला.

‘हितवादी’ 1891 मध्ये निघाले तेव्हा त्याच्या साहित्य-विभागाशी रवींद्रनाथांचा संबंध होता. पुढे कालीप्रसन्न काव्यविशारद या तिखट लेखणीच्या संपादकाने त्याला नाव मिळवून दिले. देउस्कर याच काव्यविशारदांच्या हाताखाली मुद्रितशोधकाचे उपसंपादक झाले. 1907 मध्ये जपानहून परतताना काव्यविशारद जहाजावरच वारले आणि संपादकपदाची जबाबदारी देउस्करांवर आली. एका बंगाली वृत्तपत्राचे संपादकपद मराठी माणसाकडे यावे आणि त्याच्या बंगालीविषयी कोणी शंका घेऊ नये, यावरून त्या भाषेवर त्यांनी कसे प्रभुत्व मिळवले होते हे दिसते. अरविंदबाबूंनीही आपल्या आठवणींत त्यांचा निर्देश एक समर्थ बंगाली लेखक असाच केला आहे. घराणे फार काळापासून बंगालमध्ये स्थायिक असल्याचे ते कंसात सांगतात.

पण भाषा आत्मसात झाली म्हणून इतिहास मिटत नाही. बंगालमध्ये मराठा म्हटला की बर्गी आठवतो. 1742 पासून जवळजवळ दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करीत होत्या. भास्करपंत कोल्हटकर 1744 मध्ये अलिवर्दीखानाच्या गोटात दग्याने मारला गेला, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. 1751 च्या तहात ओरिसा व 12 लाखांची चौथाई पदरात पडली तेव्हा त्या थांबल्या. त्या दहा वर्षांत बंगालच्या पश्चिम भागातल्या खेड्यांनी जे भोगले ते तेथल्या आया अंगाईत गातात. बंगाली मूल रडायला लागले की त्याला ज्याची भीती घालतात तो आपला माणूस आहे. देउस्करांचे घराणे तिकडे गेले ते ज्या शतकात, ज्या सत्तेच्या विस्तारात, तीच ही सत्ता. आणि अशा प्रांतात या गृहस्थांनी शिवाजी महाराजांचा उत्सव सुरू करण्याची खटपट केली!

सुरत जिल्ह्यातल्या मराठी वाचकाला यातली अडचण फोड करून सांगायला नको. जानेवारी 1664 आणि ऑक्टोबर 1670, ही दोन सालेही आपल्या शेजाऱ्यांना पाठ असतात. वीरजी व्होराचा वाडा, इंग्रजांची वखार, जळते शहर, हे सारे थट्टेने का होईना, ‘तुम्ही सुरत लुटणारे’ म्हणून आपल्याला ऐकवले जाते. यावर आपल्याकडे दोनच उत्तरे ठरलेली आहेत : एक, हसून विषय बदलणे, दुसरे, ती लूट नव्हे, मोगलांच्या तिजोरीवरचा वार होता, असे आवेशाने सांगणे. दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे. पण ज्याच्या पूर्वजाची पेढी जळली त्याला ते पुरे पडत नाही.

देउस्करांनी काय केले? त्यांनी शिवाजी बर्ग्यांपासून वेगळा केला. महाराज 1680 मध्ये गेले. बंगालवरच्या स्वाऱ्या त्यानंतर बासष्ट वर्षांनी सुरू झाल्या. मधल्या काळात स्वराज्याचे सरंजामी साम्राज्य झाले होते. ‘शिवाजीर महत्त्व’, ‘शिवाजीर दीक्षा’, आणि 1906 चे ‘शिवाजी’ या लहान-लहान पुस्तकांतून त्यांनी राज्य स्थापन करणारा, रयतेची घडी बसवणारा शिवाजी बंगाली वाचकापुढे ठेवला. आणि या लेखनात एक शब्द त्यांनी मराठी कागदपत्रांतून जसाच्या तसा उचलून बंगालीत नेला : स्वराज्य. पुढे राष्ट्रीय पक्षाने स्वातंत्र्याला जो शब्द दिला तो प्रथम देउस्करांच्या शिवचरित्रातून आला, असे अरविंदबाबूंनी स्वच्छ लिहून ठेवले आहे. दादाभाई नवरोजींनी 1906 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून तो शब्द उच्चारला, त्याच्या आधीची ही गोष्ट.

1902 मध्ये कलकत्त्यात शिवाजी-उत्सव सुरू झाला तो देउस्करांच्या पुढाकाराने. ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेच्या निमित्ताने रवींद्रनाथांनी 1904 मध्ये ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली. बर्ग्यांच्या अंगाईवर वाढलेल्या भाषेतल्या सर्वांत मोठ्या कवीकडून असे काही लिहून घेणे, हे एका स्थलांतरित घराण्यातल्या शाळामास्तराचे कर्तृत्व आहे. मात्र गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहील. जून 1906 मध्ये टिळक उत्सवासाठी कलकत्त्याला आले, तेव्हा उत्सवात भवानीची मूर्ती बसवून पूजा झाली. त्यामुळे ब्राह्मो मंडळी अस्वस्थ झाली आणि मुसलमान दूर राहिले. वंगभंगाविरुद्ध हिंदू-मुसलमानांनी एकत्र उभे राहण्याची ज्या वर्षी सर्वाधिक गरज होती त्याच वर्षी हे घडले. देउस्करांच्या पुस्तकांतला शिवाजी आणि त्या मंडपातला शिवाजी यांत अंतर पडले होते असे मला वाटते. शेजाऱ्याला आपला इतिहास समजावून सांगणे वेगळे आणि त्याच्या अंगणात आपला मंडप घालणे वेगळे. परमुलखात राहणाऱ्याला हा फरक घरच्यापेक्षा लवकर कळायला हवा. देउस्करांना तो त्या वेळी कळला होता की नव्हता, यावर निवाडा देण्याचा मला अधिकार वाटत नाही.

देउस्करांचे नाव ज्या ग्रंथाने झाले तो ‘देशेर कथा’ 1904 मध्ये प्रसिद्ध झाला. विषय रुक्ष : इंग्रजी राज्यात हिंदुस्थानातला पैसा कुठे जातो, विणकर, लोहार, तांबट यांचे धंदे कसे बुडाले, शेतसारा किती आणि कर्ज किती. सामग्री बरीचशी आधीच उपलब्ध होती. दादाभाईंचा दारिद्र्यावरचा ग्रंथ आणि विल्यम डिग्बी यांचा ग्रंथ, दोन्ही 1901 चे. रमेशचंद्र दत्तांच्या आर्थिक इतिहासाचा पहिला खंड 1902 चा. हे सारे इंग्रजीत आणि शिकलेल्यांसाठी होते. देउस्करांनी ते आकडे वर्तमानपत्राच्या वाचकाला समजेल अशा बंगालीत उतरवले. जन्मभर स्तंभांच्या मापाने लिहिलेल्या माणसाला एका आकड्याला किती शब्द लागतात हे ठाऊक असते. या पुस्तकात आकड्यांच्या पलीकडचेही एक प्रकरण आहे. राज्यकर्ते प्रजेचे चित्त कसे जिंकतात, आपण हीन आहोत हे तिच्याकडूनच कसे वदवून घेतात, यावर त्यांनी लिहिले. त्या काळाच्या मानाने हा विचार फार पुढचा होता.

1905 मध्ये बंगालची फाळणी झाली आणि पुस्तकाला वाचक धावत आला. चार वर्षांत पाच आवृत्त्या, प्रती 13,000. स्वदेशीच्या चळवळीसाठी बंगालचे मन तयार करण्यात या पुस्तकाइतका वाटा दुसऱ्या कशाचाही नाही, असा अरविंदबाबूंचा अभिप्राय आहे.

याच 1904 साली देउस्करांनी ‘कृषकेर सर्वनाश’ ही पुस्तिकाही लिहिली. बारडोलीकर वाचकाला ते शीर्षक वाचून काय आठवेल हे सांगायला नको. चोवीस वर्षांनी आपल्या तालुक्यात जे घडले त्याचा हिशेब त्याच जातीचा होता : साऱ्यात 30 टक्के वाढ सुचवली गेली, सरकारने ती 22 टक्क्यांवर आणली, आणि वल्लभभाईंच्या सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड-मॅक्सवेल चौकशीत ती जेमतेम 6 टक्के योग्य ठरली. 30 टक्के सुचवणारे अधिकारी जयकर आडनावाचे होते, ही गोष्ट आपल्या बैठकांत सहसा निघत नाही. योगायोग आणखी एक. ज्यांच्या शेतसाऱ्यावरच्या लेखनातून देउस्करांनी आकडे घेतले ते रमेशचंद्र दत्त 1904 मध्येच सयाजीरावांकडे महसूलमंत्री म्हणून बडोद्यास आले, म्हणजे आपल्या शेजारच्या नवसारी प्रांताचा सारा ठरवणे त्यांच्याकडे आले.

आता पुन्हा सुरत. ‘हितवादी’च्या चालकांची बाजूही समजून घ्यायला हवी. सुरेंद्रनाथ बॅनर्जी म्हणजे बंगालचे लाडके पुढारी. त्यांच्या गालाला जोडा लागलेला. कलकत्त्यातल्या नेमस्त मंडळींना तो बंगालचाच अपमान वाटला असल्यास नवल नाही, आणि जोडा मराठी! अशा वेळी मराठी संपादकाकडून टिळकांचा निषेध छापून आला असता तर त्याचे वजन दुप्पट झाले असते. देउस्करांना पेच होता तो हा. निषेध लिहिला तर नोकरी राहते आणि बंगाली वाचक म्हणतो, बघा, हा खरा आपला. नाही लिहिला तर तेरा-चौदा वर्षांपूर्वीचेच घडते. फरक इतकाच की त्या वेळी धमकी इंग्रजाची होती, आता सूचना स्वकीयांची. शिवाय ज्या पत्राने मुद्रितशोधकाला संपादक केले त्याच्या चालकांना नाही म्हणायचे होते. इंग्रज मॅजिस्ट्रेटला नाही म्हणण्यापेक्षा हे कठीण आहे, असे मी समजतो.

देउस्कर टिळकांच्या पक्षाचे होते म्हणून त्यांनी हे केले, एवढ्याने उलगडा होत नाही. पक्षाभिमान असतोच, पण पहिल्या प्रसंगी त्यांनी जे लिहिले होते ते मागे घेण्यास नकार दिला आणि दुसऱ्या प्रसंगी जे पटत नव्हते ते लिहिण्यास. दोन्ही वेळा प्रश्न आपल्या नावाने काय छापले जावे, हाच होता.

राजीनाम्यानंतर राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात ते बंगाली भाषा व हिंदुस्थानचा इतिहास शिकवू लागले. मराठी माणूस कलकत्त्यात बंगाल्यांना बंगाली शिकवतो, हे आपल्याला नवलाचे वाटते. त्यांना वाटले नाही. जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यावर देउस्करांनी ‘तिलकेर मोकद्दमा’ हे पुस्तक बंगालीत लिहिले, खटल्याची हकीकत आणि सोबत टिळकांचे संक्षिप्त चरित्र. अग्रलेखात जे लिहायला नकार दिला होता त्याच्या जागी काय लिहायचे होते ते त्यांनी असे सांगून टाकले. 1910 मध्ये सरकारने हे पुस्तक आणि ‘देशेर कथा’ ही दोन्ही जप्त केली. त्या वेळेपर्यंत ‘देशेर कथा’च्या हजारो प्रती घरोघर पोहोचल्या होत्या.

शेवटचे दिवस त्यांनी पुन्हा देवघराकडे काढले. 23 नोव्हेंबर 1912 रोजी ते वारले. त्रेचाळीस वर्षे पुरी व्हायला चोवीस दिवस कमी होते. टिळक तेव्हा मंडालेतच होते.

त्यांच्या मागे त्यांचे काम एका भाच्याने चालवले. बाबूराव विष्णु पराडकर हे काशीत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. जन्म 1883 चा. मामाच्या ओढीने ते कलकत्त्याला गेले आणि हिंदी वृत्तपत्रांत शिरले. 1908 मध्ये ‘देशेर कथा’चा हिंदी अनुवाद त्यांनी ‘देश की बात’ या नावाने प्रसिद्ध केला. पुढे सरकारने त्यांना काही वर्षे स्थानबद्ध करून ठेवले; सुटल्यावर 1920 पासून काशीच्या ‘आज’ या दैनिकाशी त्यांचे नाव जडले ते 1955 मध्ये मृत्यू येईपर्यंत. हिंदी पत्रकार आजही त्यांना गुरुस्थानी मानतात. मामा बंगालीत, भाचा हिंदीत, आणि दोघांच्याही घरी मराठी!

‘देश की बात’ राष्ट्रीय पुस्तक न्यासाने मॅनेजर पांडे यांच्या प्रस्तावनेसह पुन्हा काढले आहे आणि ते हिंदीत सहज मिळते. आपल्या मंडळाच्या कपाटात ‘केसरी’च्या निवडक लेखांचे खंड आहेत, गायकवाडी बखरी आहेत, सुरत काँग्रेसवरची दोन-तीन पुस्तके आहेत. देउस्करांच्या नावाचे एकही नाही. ‘देश की बात’ची एक प्रत मागवावी, एवढी विनंती चिटणिसांना करून ठेवली आहे.